मिस्टर थ्रेलफॉल यांचे बूट

कार्नथ्वेट
१३ डिसेंबर, मंगळवार

प्रिय एडन,

तुझा गुडघा कसा आहे? जिल फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी जिने कमी चढायला सांगितलेत आणि म्हणून तू मुद्दाम दिवसातून दहा वेळा वर-खाली करतोस. तिचं ऐकत जा रे. मला हसू आलं, कारण बाबाही असेच होते. नन्सच्या शाळेत मदर ऑगस्टीन आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या तेव्हा फळ्यावर क्रम लिहून द्यायच्या. आधी समोरच्याची विचारपूस, मग हवा, मग आपली खुशाली, आणि ज्यासाठी पत्र लिहिलं ते सगळ्यात शेवटी. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही माझा हात तोच क्रम गिरवतो. तेव्हा आता हवा. आठ दिवस खाडीवर धुकं बसलंय. मोरकॅम्बचे दिवे दिसत नाहीत, भरती आलेली फक्त आवाजावरून कळते. मी बरी आहे. समोरचं दार यंदा जास्तच फुगलंय, पण त्याचं काही अडत नाही. त्या दाराने येतंय कोण?

रोरीने मला डीव्हीडीची तबकडी पाठवली, हे तुला त्याने सांगितलं नसणार. सांगू नकोस असं मला बजावलंय, म्हणजे हे पत्र लिहून मी त्याचा विश्वास मोडतेय. पोराने फार कौतुकाने केलंय सगळं. आपल्या गावात चित्रित झालेलं ते टीव्हीवरचं भुताचं नाटक, ‘वाळूवरची बाई’, मूळ फीत पुसून टाकली म्हणून कायमचं गेलं असं सगळे धरून चालले होते. त्याची एक प्रत कुणाच्या तरी माळ्यावर सापडली आणि आता ती विकायला आली आहे. रोरीने दोन घेतल्या. एक मला, कारण लहानपणी त्याला ती गोष्ट मीच सांगायचे. दुसरी तुझ्यासाठी, कागदात गुंडाळून ठेवली आहे. चोवीस तारखेला सगळे जमलो की लावायची. “विनी आत्या, बाबांना एकावन्न वर्षांनी भुताला तोंड द्यायला लावू,” असं म्हणत होता. मीही हसले त्याच्याबरोबर.

गेल्या गुरुवारी दुपारी मी पडदे ओढले, चहाची किटली शेजारी घेतली आणि लावलं. एडन, किती सुमार आहे रे ते. तुला खरं सांगते, माझी इतकी निराशा झाली की मध्येच मी डबीवरचं नाव पुन्हा वाचलं, दुसरंच काही पाठवलं की काय म्हणून. पहिली वीस मिनिटं दोन मिशाळ पुरुष शेकोटीपाशी ब्रँडी पीत बोलतात. रेल्वेचा मोजणीदार खाडीवर येतो, वाटाड्यांनी सुरक्षित वाट दाखवायला वाळूत रोवलेल्या लॉरेलच्या फांद्या उपटून आपल्या सोयीने दुसरीकडे लावतो, आणि त्यामुळे बुडालेली बाई त्याच्या मागे लागते. गोष्ट वाईट नाही. पण ती बाई! आपल्याकडे तेव्हा काळा-पांढरा टीव्ही संच होता, म्हणून माझ्या आठवणीत ती सगळी करड्या रंगाची. इथे रंगात पाहिलं तर तिची शाल कस्टर्डसारखी पिवळी. धुकं एकाच बाजूने येतं, पाणी उकळल्यासारखं. ती हात पसरून वाळूवर उभी राहते तेव्हा तिच्या खांद्यामागून किनाऱ्याच्या रस्त्यावरची बस जाताना दिसते, आपली नेहमीची, दुमजली. आवाज म्हणशील तर वारा आणि चर्चमधला ऑर्गन, दुसरं काही नाही. आणि याच नाटकाने म्हणे आपल्या घराचा एवढा थरकाप उडवला होता.

तुला आठवतं ना, ते टीव्हीवाले आले होते ते दिवस? ऑक्टोबर होता. तीनच दिवस होते, पण खाटीक थ्रेलफॉलला त्यांनी बुडालेल्या कोळ्याचं काम दिलं आणि गावाचं डोकं फिरलं. मिसेस थ्रेलफॉल गल्ल्यावर बसून सांगायच्या, “आमच्या ह्यांचा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो, असं तो साहेब स्वतः म्हणाला.” त्यावर आई पिशवी पुढे करत म्हणाली, “मग इतकी वर्षं तो चेहरा आम्हालाच का दाखवलात? अर्धा पौंड किडनी द्या.” नाताळच्या आदल्या रात्री गावाने ते नाटक पाहिलं ते भुतासाठी नव्हे, थ्रेलफॉलसाठी. आणि चेहरा त्यांनी कापलाच होता. वाळूवर पालथे पडलेले दोन बूट फक्त दिसले. मिस्टर थ्रेलफॉल त्यानंतर महिनाभर कुणाशी नीट बोलले नाहीत.

त्या बुटांपाशी मी आले, एडन, आणि मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

ती रात्र आपल्या घरात कशी सांगितली जाते ते तुला पाठ आहे. आई-बाबा चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्सेला गेलेले, आई गायनवृंदात असल्यामुळे साडेदहालाच. मला सर्दी म्हणून मी घरी, तू झोपलेला. तू नऊ वर्षांचा, मी सतरा. तू चोरपावलांनी खाली आलास, ते नाटक पाहिलंस आणि भीतीने किंचाळायला लागलास. तेवढ्यात समोरच्या दारावर थाप पडली. तू मला मिठी मारलीस, सोडेचनास, म्हणून मला दाराशी जाता आलं नाही. आणि दाराबाहेर इमेल्डा होती. आपली थोरली बहीण इमेल्डा, एकोणीस वर्षांची, नन्सच्या त्या आश्रमातून आलेली, जिथे तिला दिवस गेल्यावर आईने उन्हाळ्यात पोचवलं होतं आणि ती मँचेस्टरला नोकरीला आहे असं शेजाऱ्यांना सांगितलं होतं. ती परत गेली. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, तिने दत्तकाच्या कागदांवर सही केली आणि तिची मुलगी दुसऱ्यांच्या घरी गेली. सहा आठवडे तिचं नाव फ्रान्सेस होतं. पुढे काय ठेवलं, कुणाला माहीत नाही. इमेल्डाला दुसरं मूल झालं नाही.

ती सत्त्याहत्तरमध्ये आईला पत्र लिहीपर्यंत आपल्याला हे ठाऊकच नव्हतं, असं आपण म्हणतो. आईने ते पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, माझ्याकडे बघून विचारलं, “त्या रात्री ती दाराशी आली होती?” आणि मी म्हणाले, “कुणीतरी वाजवलं होतं खरं. पण एडन इतका घाबरला होता, मला सोडत नव्हता.” तू पंधरा वर्षांचा होतास, टेबलापाशी भूगोलाचे नकाशे रंगवत बसला होतास. तुझा ब्रश थांबलेला मी पाहिला. आईने इमेल्डाला तसंच कळवलं. तिचं उत्तर आलं, “एडनला सांगा, मी रागावलेली नाही. लेकरू होतं ते.” त्यानंतर दर वाढदिवसाला तिचं तुला कार्ड यायचं, इतर कुणाला नाही, फक्त तुला. तू ती सगळी एका बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेस, हे जिलने मला सांगितलं. जिन्यावरचा दिवा तू अजून रात्रभर जळत ठेवतोस आणि दाराची घंटा वाजली की तू नाही, जिल उठते, हेही तिनेच सांगितलं, हसत हसत. मी त्यावर काहीतरी विनोद केला असणार. मी नेहमी करते.

एप्रिलमध्ये इमेल्डाला दफनभूमीत पोचवून आपण चर्चच्या सभागृहात आलो तेव्हा तू हातात चहा घेऊन खिडकीपाशी उभा होतास. मी जवळ आले तर तू माझ्याकडे न बघता म्हणालास, “मी तेव्हा एवढा भित्रा नसतो, तर आज पुढच्या बाकावर तिची मुलगी बसली असती.” मी तुझ्या सँडविचला मोहरी लावत होते. म्हणाले, “नऊ वर्षांचा होतास रे तू.” खरंच होतं ते. मला खऱ्याच गोष्टी बोलून खोटं कसं बोलायचं ते फार पूर्वीपासून जमतं. नन्सच्या शाळेत ते कुणी शिकवत नाही, पण तिथल्याइतकं चांगलं ते कुठे शिकायलाही मिळत नाही. त्या नाताळानंतरच्या शनिवारी मी पापकबुलीला गेले होते. जाळीपलीकडे फादर होते. मी म्हणाले, “फादर, मी धाकट्या भावाशी एकदा खोटं बोलले.” त्यांनी विचारलं, “नाताळच्या खाऊवरून का, पोरी?” मी म्हणाले, “हो, फादर.” मला प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. मी त्या गुडघ्यांवर बसून म्हटल्या, आणि माझ्या हिशेबी तो विषय मिटला. पुढे कित्येक वर्षं मला खरंच वाटायचं की तो मिटलाय.

तर ते बूट. पडद्यावर ते आले आणि या खोलीत मला तुझं हसणं ऐकू आलं. शपथेवर सांगते. तुझं तेव्हाचं, नाकातून निघणारं, दुधाचा दात पडलेल्या फटीतून शिटी वाजणारं हसणं. तू गालिच्यावर घोंगडी गुंडाळून बसला होतास आणि हसून हसून आडवा झाला होतास. “विनी, थ्रेलफॉलचे बूट! मागून डुक्कर दिसतोय तो!” आणि त्याआधी, ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा, तू म्हणाला होतास, “हिला थंडी नाही का वाजत? हिच्या आईने हिला स्वेटर नाही दिला?” हे सगळं मी विसरले होते. खरंच विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं, ते आता मला वेगळं करता येत नाही. पण एकदा हसणं ऐकू आल्यावर पुढचं सगळं आपोआप आलं. तू घाबरला नव्हतास, एडन. अजिबात नव्हतास.

बूट दिसल्यावर थोड्याच वेळात दारावर थाप पडली. समोरच्या दारावर. आपल्या गल्लीत समोरच्या दाराने फादर यायचे, डॉक्टर यायचे आणि शवपेटी जायची. घरचं माणूस मागच्या अंगणातून, कडी न वाजवता आत यायचं. मागचं दार त्या रात्रीही उघडंच होतं. तिने ते ढकललं असतं तर ती सरळ आपल्यासमोर येऊन उभी राहिली असती. ती समोरून आली, कारण आपण आता घरचं माणूस नाही असं तिला वाटलं. तू लगेच उठलास. “फादर असतील, मी उघडतो,” म्हणालास. मी तुला थांब म्हटलं आणि रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पडद्याच्या फटीतून पाहिलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली ती उभी होती, तिच्या जुन्या बाटलीहिरव्या शाळेच्या कोटात. कोटाची वरची बटणं उघडी होती आणि आत तिने काहीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं. काय धरलं होतं ते मला कळलं. न कळायला मी काही बाळ नव्हते.

आणि मी दार उघडलं नाही. का, हे मी गुरुवारपासून स्वतःला विचारतेय. इमेल्डा गेल्यापासून घर शांत झालं होतं. आई माझ्याशी बोलायला लागली होती, माझ्या मार्कांविषयी, शिक्षिका होण्याच्या कॉलेजविषयी. “तू तरी मला खाली बघायला लावू नकोस,” असं म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं. धुराड्याला लागून असलेली इमेल्डाची उबदार खाट मला मिळाली होती. आणि त्या क्षणी माझ्या अंगात तिचा लाल स्वेटर होता, तिचा लाडका, जो ती आश्रमात न्यायला विसरली आणि जो मी तिला पाठवला नाही. दार उघडलं असतं तर पहिल्यांदा तिला तो दिसला असता. मोठी कारणं शोधून पाहिली, पण फिरून फिरून मी त्या स्वेटरापाशी येते. एका मुलीचं घर गेलं, त्याचं कारण इतकं लहान असू शकतं, हे मान्य करायला माणसाला एकावन्न वर्षं लागतात बहुतेक.

मी परत आले तर तू दाराकडे निघालाच होतास. मी तुझा हात पकडला. आणि तुला म्हणाले, अगदी हळू आवाजात, “एडन, ती आहे. टीव्हीतली. बुडालेली माणसं नेहमी समोरच्या दाराने येतात.” तुझा चेहरा कसा बदलला ते मी आता सांगू शकत नाही. मग तू किंचाळलास. तू मला धरलं नव्हतंस. मी तुला धरलं होतं, दोन्ही हातांनी, तू दाराशी जाऊ नयेस म्हणून. नंतर मी तुझा ओला पायजमा बदलला, दूध गरम करून दिलं, आणि तू माझ्याच कुशीत झोपलास. आई-बाबा आले तेव्हा मी म्हणाले, भुताचं नाटक पाहून घाबरलाय. आई म्हणाली, “बघू कशाला दिलंस?” एवढंच.

इमेल्डाला माहीत होतं, असं मला वाटतं. इस्पितळात शेवटच्या दिवसांत एकदा ती छताकडे बघत म्हणाली, “त्या रात्री पडदा हलला होता, विनी.” तिने काही विचारलं नाही. मी तिची उशी नीट केली आणि पाणी हवंय का विचारलं. ती म्हणाली, “नको, राहू दे.” तिला सांगायची संधी माझ्या हाताशी आली होती, आणि मी उशी नीट केली. आता तू एकटा उरला आहेस.

मदर ऑगस्टीनच्या फळ्यावरची शेवटची ओळ आली. मी हे आज लिहितेय, कारण चोवीसला रोरी ते नाटक लावेल आणि तू त्या रडण्याची वाट बघत बसशील. त्या बाईचं रडणं सगळ्यात भयंकर होतं, असं तू नेहमी सांगतोस, तान्ह्या बाळासारखं, थांबतच नव्हतं. रोरीलाही तू ते सांगितलं आहेस. मी ती तबकडी दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा आवाज पूर्ण मोठा करून. त्यात वारा आहे, ऑर्गन आहे. रडणं नाही, एडन. कुठेच नाही. तू तेव्हा विचारलंस, “विनी, कोण रडतंय?” आणि मी संचाचा आवाज वाढवत म्हणाले, “टीव्हीत आहे ते.” ते आपल्या दाराबाहेर होतं. ती फ्रान्सेस होती. तू तिला ऐकलंस, आणि त्या घरात उठून दार उघडायला निघालेला एकटा तूच होतास. हे तुला त्या पडद्यासमोर, सगळ्यांच्या देखत कळू नये. चोवीसला मी दरवर्षीप्रमाणे येईन, दुपारच्या बसने, चारच्या सुमाराला. तुमच्या बागेतून मागच्या दाराने येणार नाही. समोर येऊन थाप मारीन आणि थोडा वेळ थांबेन. परतीची बस सहाला आहे. जिलला उठू देऊ नकोस. उघडायचं की नाही, ते या वेळी तू ठरव.

तुझीच,
विनी